चाळीस ओहम

नांद्याच्या खाणीत पोकलेन मशीन उभं आहे
हात वर करून,
वर्गात हात वर केला आणि उत्तर विसरलं
अशा पोरासारखं.
बादलीत अर्धं डबर. तीन दिवस झाले.
बादलीच्या दातावर ऑपरेटरचा टॉवेल वाळतोय.

सोमरा उराँव म्हणतो, "इंजिन चालू आहे साहेब,
पण हात ऐकत नाही."
स्क्रीन म्हणते, संपर्क तुटला.
कुणाचा कुणाशी, ते सांगत नाही.
कंपनी म्हणते, कंट्रोलर बदला, एक लाख ऐंशी हजार.
मालकीण शैलाताई कोंढाळकर
आकडा ऐकून डोक्यावरचं हेल्मेट नुसतं सारखं करतात.

मी चावी काढतो, बॅटरीचा खटका पाडतो.
आधी शांतता लागते.
चालू मशीनला विचारलं तर मीटर काहीही बोलतो.

सीटमागच्या झाकणाखाली एक पिवळी, एक हिरवी,
एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा.
वेणी म्हणता येणार नाही, वेणीला तीन पेड लागतात.
इंजिन, पंप, केबिन सगळे याच दोन तारांवर बोलतात,
एका वेळी एकच,
आणि ज्याचं निकडीचं त्याला बाकीचे वाट देतात.
आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हे कुणीतरी शिकवावं.

दोन टोकांना दोन रेझिस्टर, एकशेवीस-एकशेवीसचे,
शब्द टोकावर आपटून उलटा फिरू नये,
मागून येणाऱ्या शब्दात मिसळू नये म्हणून.
दोन्ही मिळून मीटरवर साठ.
साठ दिसले की या तारांची काळजी सोडायची.
एकशेवीस दिसले तर कुठेतरी एक टोक सुटलंय.
शून्य दिसलं तर दोघी चिकटल्यात.

चाळीस.

टोकं पुसली, परत लावली. चाळीस.
बॅगेतला दुसरा मीटर काढला. चाळीस.

बावीस वर्षांत उंदरांनी कुरतडलेल्या पाहिल्या,
बूमच्या बुडाशी घासून सोललेल्या,
कनेक्टरमध्ये पाणी, पिनेला हिरवा गंज,
कुठल्याशा मिस्त्रीने चिकटपट्टीत लपवलेली गाठ.
तिथे दर वेळी काहीतरी कमी झालेलं असायचं.
इथे वाढलंय.
दोघांच्या पंगतीत कुणीतरी तिसरं पान मांडलंय.

फ्यूजबॉक्सच्या पाठीमागे सापडली,
काडेपेटीएवढी काळी डबी,
निळ्या चिमट्यांनी दोन्ही तारांत दात रोवून.
वर फायनान्स कंपनीचा स्टिकर, अर्धा फाटका.

"फेब्रुवारीत दोन हप्ते चुकले," शैलाताई म्हणाल्या.
"माणसं आली होती. फोटो काढायचेत म्हणाली."
सोमरा खाली बघत म्हणाला,
"रात्री आले होते. मी चहा दिला."
"आता मशीन बंद म्हणून याही महिन्याचा चुकेल,"
हे त्या कुणालाच उद्देशून बोलल्या नाहीत.

डबीला कुणाचं वाईट करायचं नव्हतं.
मशीन कुठे आहे, किती तास चाललं,
एवढंच तिला ऐकायचं होतं.
पण तिच्या पोटात कुणीतरी तिसरा रेझिस्टर ठेवून दिला
आणि ऐकणारीच आवाज गिळायला लागली.

काढली तर करार मोडतो. ठेवली तर मशीन.
मी डबी उघडली.
तपकिरी, लाल, तपकिरी पट्ट्या,
बुधवार पेठेत पट्टीच्या पट्टी मिळते तसलाच.
कापला, खिशात टाकला.
चिमटे काढून जोड डाग मारून पक्के केले,
वर नळी चढवली.
मीटर: एकोणसाठ पूर्णांक आठ.
याला साठच म्हणायचं.

खटका वर केला.
सोमराने आधी टॉवेल काढून घेतला.
मग हात खाली आला, हळू,
झोपेतून उठलेल्या माणसासारखा,
आणि डबर सांडलं, थोडं माझ्या बुटांवर.

बिलावर 'दोष' या रकान्यात मी लिहिलं: वायरिंग.
शैलाताईंनी ते दोनदा वाचलं.
"ती डबी अजून ऐकते?"
"ऐकते."
"मग ऐकू दे," त्या केबिनकडे बघत म्हणाल्या,
"आज दहा तास चालवायचंय."